‘बरा झाला’ कोणी म्हणायचं?

आशावादी : डोक्याला जबर मार लागलेला माणूस आयसीयूतून वॉर्डात आला की घरचे पहिलं विचारतात, “पहिल्यासारखा होईल ना?” आणि बहुतेक वेळा उत्तर मिळतं, “आत्ताच सांगता येत नाही, बघू.” हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे आणि त्याची किंमत पेशंटला मोजावी लागते. ‘बघू’ ऐकलं की घरचे खरोखरच बघत बसतात. ज्या महिन्यांत त्याला टेकवून बसवायचं, हातात चमचा द्यायचा, बोलतं करायचं, ते महिने खाटेवर निघून जातात. माझं म्हणणं असं, की मेंदू आपण समजत होतो त्यापेक्षा जास्त सावरतो आणि जास्त काळ सावरत राहतो. पूर्वी शिकवत, सहा महिन्यांत जे परत आलं ते आलं, पुढे आशा नको. पहिले सहा महिने सर्वांत वेगाचे असतात, हे आजही खरं आहे. पण त्यानंतर सगळं थांबतं, हे खरं नाही. सूज उतरते. मार न लागलेले पण धक्क्याने गप्प झालेले भाग पुन्हा कामाला लागतात. शाबूत तंतूंना नवे फाटे फुटतात, एका भागाचं काम थोडंफार दुसरा भाग शिकतो. अमेरिकेतल्या मोठ्या ट्रॉमा सेंटरांमधल्या पेशंटांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुखापतीनंतर दोन आठवड्यांनीही ज्यांना कसलंच भान नव्हतं, त्यांच्यातले ७८ टक्के वर्षभरात शुद्धीवर आले. ज्यांची पुढची माहिती मिळाली त्यांच्यातल्या २५ टक्क्यांना दिवस, जागा, माणसं यांचं भान आलं. गंभीर गटातल्या निम्म्याहून थोड्या अधिक जणांची स्थिती वर्षाअखेर ‘अनुकूल’ ठरली. दोन आठवड्यांनी ज्यांची आशा आपण सोडून देतो, त्यांच्याबद्दल मी बोलते आहे.

साशंक : त्या ‘अनुकूल’चा हिशेब नंतर मागेन. आधी सांगा, मार कोणता? ‘हेड इंज्युरी’ हे केसपेपरवरचं एकच नाव, पण त्याखाली निरनिराळी दुखणी आहेत. कवटी फोडून हाडाचा तुकडा किंवा गोळी आत जाते, तो एक प्रकार. कवटी शाबूत आणि आत मुका मार, हा त्याहून कितीतरी जास्त आढळणारा. त्यातही कवटी आणि मेंदूचं जाड आवरण यांच्यामध्ये धमनी फुटून रक्त साचतं ते वेगळं, त्या आवरणाखाली शिरा तुटून रक्त पसरतं ते वेगळं. कधी मेंदूच चेचला जातो. मार लागला त्या बाजूला, नाहीतर अगदी विरुद्ध बाजूला, कारण डोकं थांबलं तरी आतला मेंदू थांबलेला नसतो. आणि सर्वांत फसवा प्रकार तंतूंचा. गाडी आदळून डोकं गर्रकन फिरतं, तेव्हा मेंदूचे सगळे थर एका वेगाने फिरत नाहीत. त्यांना जोडणारे लांब तंतू ताणले जातात, पिळवटतात आणि पुढच्या काही तासांत, दिवसांत तुटत जातात. सीटी स्कॅनमध्ये यातलं फारसं काही दिसत नाही. माणूस कोमात आणि फिल्म जवळपास स्वच्छ. नातेवाइकांना सांगितलं जातं, “ऑपरेशनची गरज नाही.” घरी देवापुढे नारळ फुटतो. ऑपरेशन करून दुरुस्त होण्यासारखं इथे काही नाही, असा त्या वाक्याचा अर्थ असतो, हे समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो. तेव्हा तुमचे टक्के मी घरच्यांना कसे सांगू? कोणत्या माराचे टक्के?

आशावादी : प्रकार वेगळे आहेत म्हणूनच सरसकट निराशाही चुकीची आहे. धमनी फुटून आवरणाबाहेर रक्त साचतं तेव्हा खालचा मेंदू पुष्कळदा धडधाकट असतो, तो फक्त दाबला जातो. कवटी ताणत नाही, त्यामुळे आत वाढलेल्या रक्ताला जागा मिळते ती मेंदूला रेटूनच. वेळेत कवटी उघडून गाठ काढली तर तोच माणूस पुढे कामावर जातो. यात घात करतो तो मधला शुद्धीचा काळ. माणूस उठतो, बोलतो, “काही झालं नाही” म्हणतो आणि काही तासांनी कोसळतो. क्रिकेटपटू रमण लांबा आठवा. फेब्रुवारी १९९८, ढाक्यातला क्लबचा सामना, हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला उभा. चेंडू कपाळावर बसला, तरी तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. तिसऱ्या दिवशी गेला. म्हणून डोक्याला मार लागलेल्याला पहिला दिवसभर एकट्याला सोडायचं नाही. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, एका डोळ्याची बाहुली मोठी होणं, यातलं काहीही दिसलं तर तडक हॉस्पिटल, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

आणखी एक सांगते. घरातले आजोबा न्हाणीघरात घसरतात, खोक पडत नाही, सगळे विसरून जातात. तीन-चार आठवड्यांनी त्यांची चाल बिघडते, नावं चुकतात, झोप वाढते. वयामुळे असेल, असं घरचे म्हणतात. वय झालं की मेंदू थोडा आकसतो, शिरा ताणलेल्या असतात, त्यात रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर एवढ्याशा धक्क्यानेही आवरणाखाली हळूहळू रक्त साचत जातं. कवटीला छोटं भोक पाडून ते काढलं की तेच आजोबा बऱ्याचदा पुन्हा पेपर वाचायला लागतात. ज्याला आपण म्हातारपण समजून सोडून दिलं, ते दुरुस्त होण्यासारखं होतं! आशेची जागा कुठे आहे हे प्रकारावरूनच कळतं. आणि आदळण्याच्या क्षणी झालेलं नुकसान आपल्या हातात नसलं, तरी नंतर सूज, कमी पडलेला प्राणवायू, उतरलेला रक्तदाब यांनी होणारं दुसरं नुकसान बरंचसं टाळता येतं. पहिल्या तासात श्वास मोकळा ठेवला, रक्तदाब सांभाळला, तर पुढच्या वर्षातली स्थिती बदलते.

साशंक : आशेला इतकं मागे न्यायचं, तर आणखी थोडं मागे न्या. अपघाताच्याही आधी. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ५०,०२९ दुचाकीवर होती आणि त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं; त्यातली १४,३३७ मागे बसलेली. हे मेलेल्यांचे आकडे आहेत. जे वाचले आणि दुखावलेला मेंदू घेऊन घरी आले, ते या रकान्यात नाहीत. जगभरच्या अभ्यासांची एकत्र छाननी सांगते, की हेल्मेटमुळे डोक्याची दुखापत ६९ टक्क्यांनी आणि मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी होतात. आणि आपण? पुण्यासारख्या शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलनं झाली. मान अवघडते, केस गळतात, शहरात वेग कुठे असतो, ही कारणं मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकली आहेत. बाप हेल्मेट घालतो, मागे आई उघड्या डोक्याने, टाकीवर पोर, तेही उघड्या डोक्याने. मेंदूच्या लवचीकपणावर व्याख्यानं देण्यापेक्षा या पोराच्या डोक्यावर त्याच्या मापाचं हेल्मेट घातलं, तर कुठल्याही पुनर्वसन केंद्रापेक्षा जास्त मेंदू वाचतील. तुटलेला तंतू जोडणारं औषध आज कोणाकडे नाही. ज्याला औषध नाही, त्याच्या ‘सावरण्या’बद्दल फार बोललं की न टाळलेल्या गोष्टीचा दोष हलका वाटायला लागतो, अशी मला भीती आहे.

आशावादी : हेल्मेटबद्दल आपल्यात वाद नाही. जखमीला उचलणाऱ्याला पोलिसी चौकशीचा जाच होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नियमांवर शिक्कामोर्तब केलं आणि २०१९ मध्ये ते संरक्षण मोटार वाहन कायद्यातही आलं. तरी रस्त्यावर लोक अजून मोबाइल काढून उभे राहतात, हेही मला ठाऊक आहे. पण टाळता आलं असतं म्हणून ज्याला मार लागला त्याच्यासाठी करायचं काम कमी होत नाही. आणि रस्ता म्हणजे सगळं नव्हे. गच्चीवरून, झाडावरून, परांची बांधताना पडलेले मजूर आहेत, घरात मार खाणाऱ्या बायका आहेत. त्या बायकांच्या डोक्याला किती वेळा मार बसला हे कोणी विचारतच नाही.

‘किरकोळ’ म्हणून घरी पाठवलेल्यांचंही बोलायला हवं. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन सर्जनांनी १९७४ मध्ये शुद्ध मोजायची पट्टी दिली. डोळे उघडणं, बोलणं, हालचाल, मिळून ३ ते १५ गुण. ८ किंवा कमी म्हणजे गंभीर, ९ ते १२ मध्यम, १३ ते १५ सौम्य. पट्टी फार कामाची आहे. सोलापूरच्या डॉक्टरने फोनवर ‘स्कोअर सात’ सांगितलं की मुंबईच्या डॉक्टरला चित्र दिसतं. पण १५ पैकी १५ मिळालेला मुलगा आठवडाभराने पुस्तक उघडतो आणि अक्षरं तरंगतात, उजेड सोसत नाही, चिडचिड होते. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात, काहींचं महिनोन्‌महिने रेंगाळतं. त्या काळात पुन्हा डोक्याला मार बसू द्यायचा नाही, हे क्रिकेटलाही उशिरा का होईना कळलं. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी लाबुशेन आला, तेव्हा कसोटीत पहिल्यांदा अशा कारणासाठी बदली फलंदाज उतरला. आपल्या शाळांमध्ये मात्र खेळाच्या तासाला डोकं आपटलेल्या पोराला पाणी पाजून दुसऱ्या डावात पाठवतात.

साशंक : आता गंभीर गटाकडे या, कारण आशेची खरी कसोटी तिथे लागते. आणि तिथला इतिहास नम्र व्हायला लावणारा आहे. कित्येक वर्षं डोक्याला मार लागलेल्यांना सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड दिली जायची. तर्क बिनचूक वाटत होता. मग १०,००८ पेशंटांवर चाचणी झाली आणि २००४ मध्ये निकाल आला : दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांतले २१.१ टक्के मेले, न मिळालेल्यांतले १७.९ टक्के. म्हणजे भल्याच्या इच्छेने इतकी वर्षं माणसं मारली गेली होती. दुसरी गोष्ट कवटीची. आतला दाब औषधांनी उतरत नाही तेव्हा कवटीचा मोठा तुकडा काढून मेंदूला सुजायला जागा देतात. काढलेलं हाड कधी फ्रीजरमध्ये, कधी पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवतात. २०१६ च्या मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांतले सुमारे २७ टक्के मेले होते, न झालेल्यांतले ४९ टक्के. केवढा फरक! पण त्याच तक्त्यात पुढची ओळ वाचा. डोळे उघडे पण भान नाही, अशा स्थितीत शस्त्रक्रियेच्या गटातले ८.५ टक्के होते, दुसऱ्या गटातले २.१. संपूर्ण परावलंबी झालेलेही जास्त. म्हणजे मृत्यूच्या दारातून ओढून आणलेले सगळे जगण्याकडे आले असं नाही.

आमच्या दादाला असंच वाचवलं. मला त्याबद्दल कोणालाही दोष द्यायचा नाही. त्या रात्री सही मीच केली आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. पण सही करताना ‘जीव वाचेल का’ एवढंच विचारायचं मला सुचलं, आणि उत्तरही तेवढ्याचंच मिळालं.

आशावादी : त्या सहीबद्दल मी काही बोलणार नाही. पण तुम्ही दिलेल्या चाचणीचा पुढचा भागही आहे. त्याच पेशंटांना दोन वर्षांनी पुन्हा तपासलं. शस्त्रक्रिया झालेल्यांतले बरेच जण सहा महिन्यांच्या स्थितीपेक्षा वर सरकले होते, दुसऱ्या गटापेक्षा अधिक प्रमाणात. सहाव्या महिन्याचा तक्ता शेवटचा नव्हता. आणि स्टेरॉइडचं चुकलं, हे कळलं तेही मोजून बघणाऱ्यांमुळेच.

घरच्यांना हा रस्ता कसा असतो ते सांगितलं जात नाही, माझी खरी तक्रार ती आहे. कोमातून माणूस सिनेमातल्यासारखा डोळे उघडून “मी कुठे आहे?” विचारत नाही. आधी नुसते डोळे उघडतो. मग आवाजाकडे मान वळते. मग एक काळ येतो, आरडाओरडा, शिव्या, नळ्या उपटणं, नर्सला मारणं. ज्या दादाने आयुष्यात कधी शिवी दिली नाही तो आईला शिवी देतो. घरचे हादरतात, “डोक्यावर परिणाम झाला” म्हणतात, बांधून ठेवायला सांगतात. पुष्कळदा तो बरं होण्यातलाच एक टप्पा असतो. मेंदू जागा झालेला, पण गोंधळलेला. त्या वेळी खोलीत दोनच माणसं, टीव्ही बंद, रोज तोच माणूस तेच सांगणारा : आज वार कोणता, तू कुठे आहेस, काय झालं होतं. नवीन काही लक्षात राहायला लागेपर्यंतचा हा काळ किती लांबतो, यावरून पुढचा अंदाज बराच बांधता येतो. एवढं जरी सांगितलं तरी ‘बघू’पेक्षा पुष्कळ सांगितलं.

आणि माणसं कुठवर जातात ते बघा. नरी कॉन्ट्रॅक्टर, २८ वर्षांचा भारताचा कप्तान. मार्च १९६२, बार्बाडोस, ग्रिफिथचा चेंडू कवटीवर बसला. ऑपरेशन झालं, फ्रँक वॉरेलने रक्त दिलं. बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर यांनी दिलं. कित्येक दिवस शुद्ध नव्हती. कवटीत धातूची पट्टी बसली, ती साठ वर्षं तिथे राहून २०२२ मध्ये काढली. तो माणूस पुन्हा बॅट घेऊन प्रथम श्रेणीचे सामने खेळला, वर्षानुवर्षं. दुसरा माणूस रशियातला, झासेत्स्की. १९४३ मध्ये डोक्यात गोळी, डावा मागचा भाग गेला. उजवीकडचं दिसत नाही, शब्द सापडत नाहीत, वाचता येत नाही. एक एक अक्षर आठवून लिहिता येईना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, विचार न करता हात चालू दे. हाताला शब्द आठवत होते! तो पंचवीस वर्षं लिहीत राहिला, सुमारे तीन हजार पानं. मेंदूचा अभ्यासक लुरिया याने त्यावर पुस्तक लिहिलं. डोळ्यांनी गमावलेलं हातात शिल्लक असू शकतं, हे शोधायला कोणीतरी चिकाटीने बसावं लागतं.

साशंक : मला या दोघांबद्दल तुमच्याइतकाच आदर आहे, म्हणूनच त्यांना पुरावा म्हणून उभं करताना अर्धंच सांगू नका. कॉन्ट्रॅक्टर परत खेळला, पण कसोटी पुन्हा कधीच नाही. त्याच दौऱ्यात कप्तानी एकविसाव्या वर्षी पतौडीकडे गेली ती गेली. तो बरा झाला का? ग्लासगोच्या लोकांनीच १९७५ मध्ये निकालाची आणखी एक पट्टी केली. तिच्यावर त्याला सर्वांत वरची पायरी मिळेल. त्याला स्वतःला जे हवं होतं, त्या पट्टीवर नाही. आणि झासेत्स्कीने लिहिलेली पानं त्याला स्वतःला धड वाचता येत नव्हती. त्या पंचवीस वर्षांत जेवण कोणी केलं? तो आई आणि बहिणींच्या घरी राहत होता. पुस्तकात तो नायक आहे, त्या आहेत कुठे?

आता तुमचं ‘अनुकूल’. तुम्ही सांगितलेल्या अभ्यासात अनुकूल कोणाला धरलं आहे माहीत आहे ना? जो दिवसाचे आठ तास घरात एकटा राहू शकतो, तोही त्यात आला. दुकानात एकटा जाऊ शकत नाही, नोकरी करू शकत नाही, पैशाचा व्यवहार जमत नाही, तरी अनुकूल. मी त्या संशोधकांना नावं ठेवत नाही. ज्याला कसलंच भान नव्हतं त्याने आठ तास एकट्याने काढणं ही मोठीच मजल आहे. पण वहिनी त्या आठ तासांकडे कशी बघते? बाकीचे सोळा तास तिचे आहेत. तिची नोकरी गेली, दादाच्या रागाची वेळ पाहून मुलांचा अभ्यास ठरतो. दादाला वास येत नाही. नाकाच्या वरच्या हाडातल्या बारीक भोकांतून जाणाऱ्या वासाच्या नसा झटक्याने तुटतात. हे अगदी क्षुल्लक वाटतं ना? गॅस चालू राहिला तर त्याला कळणार नाही, म्हणून वहिनी त्याला एकटं सोडत नाही. तुमच्या पट्टीवर तो अनुकूल आणि घरात दिवसाचा एक तास मोकळा नाही. चालतो, बोलतो, बाहेरून पाहणारे म्हणतात, “छान आहे की आता, देवाची कृपा.” त्यांना सांगू काय?

आशावादी : हेच, की जे दिसत नाही तेही दुखणं आहे आणि त्यावरही काम करता येतं. थकवा खरा असतो. दिवसाचं काम छोट्या तुकड्यांत आणि मध्ये विश्रांती. विसरणं खरं असतं. खिशात वही, मोबाइलवर घंटा, वस्तूंची ठरलेली जागा. राग खरा असतो. तो कशाने चढतो, आवाजाने की भुकेने की गर्दीने, हे लिहून ठेवलं की निम्मे प्रसंग टळतात. यातलं काहीही महाग नाही, पण शिकवायला माणूस लागतो आणि तो माणूस तालुक्याच्या गावी नाही. ऑपरेशन करणारा सर्जन जिल्ह्याच्या ठिकाणी आता सापडतो, २०१४ पासून १०८ ची गाडीही आहे. बोलणं सुधारणारे, रोजची कामं पुन्हा शिकवणारे, वागणुकीवर काम करणारे मात्र थोड्या शहरांत अडकले आहेत. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या सात ओळी असतात, पुनर्वसनाची एक. बहुतेक विम्यांचं लक्षही भरती असलेल्या दिवसांवरच असतं. कायद्याचंही तेच. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. मेंदूची दुखापत स्वतंत्रपणे त्यात नाही. हात-पाय लुळा असेल तर एका रकान्यात, मन बिघडलं असेल तर दुसऱ्या रकान्यात बसवायचं. ज्याचे हात-पाय धड, पण आखणी करता येत नाही, त्याला कुठे बसवणार? अमेरिकेने शाळकरी मुलांसाठी हा प्रकार १९९० मध्येच वेगळा नोंदवला. सावरणं कमी होतं याचा दोष मेंदूवर टाकण्याआधी आपण त्याला सावरायची संधी दिली का, हे विचारा.

साशंक : हा मुद्दा मला मान्य, आणि कायद्याचं म्हणता तर एक गोष्ट तुमच्या बाजूची सांगतो. बारा वर्षांच्या एका मुलीला अपघातात मेंदूची गंभीर दुखापत झाली, आयुष्यभराचं परावलंबन आलं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची भरपाई वाढवून ६२ लाख २७ हजार केली. त्यातली रकमेपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की तिची काळजी घेणाऱ्या दोन माणसांचा महिन्याचा पगार हिशेबात धरून, तोही पुढच्या वर्षांचा गुणाकार करून, २१ लाख ६० हजार वेगळे दिले. दर पाच हजारांचा होता, म्हणजे फार नाही. तरी घरातल्या बाईच्या त्या सोळा तासांना निकालपत्रात आकडा मिळाला. डॉक्टरच्या कागदावर तो अजून नाही. मला विचाराल तर पेशंटच्या प्रत्येक तपासणीत एक ओळ हवी : गेल्या आठवड्यात याच्यासाठी घरातल्यांचे किती तास गेले?

आशावादी : ती ओळ मी उद्यापासून लिहीन. पण तिचा उपयोग कशाला करायचा, यात आपला फरक पडेल. तास कमी होत नाहीत असं दिसलं की तुम्ही म्हणाल, आता घरच्यांना खरं सांगा, वाट बघणं थांबवा. मी म्हणेन, शिकवण्याची पद्धत बदलून बघा. वाट बघणं आणि शिकवत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साशंक : दवाखान्यात वेगळ्या असतील. घरात त्या एकाच माणसाच्या अंगावर पडतात. वहिनी दादाला रोज वहीत लिहायला बसवते, ती का? तो वही शिकावा म्हणून, की एक दिवस तो जुना दादा वहीतून वर बघेल म्हणून? मला वाटतं, ती स्वतःही हे दोन वेगळे करू शकत नाही. कोणीतरी तिला सांगायला हवं, की तो माणूस येणार नाही, हा माणूस आहे. सांगितलं तर ती वही बंद करेल का, हे मला माहीत नाही. न सांगता तिची दहा वर्षं वापरायची, हेही मला पटत नाही.

आशावादी : आणि दादाला काय वाटतं? तुम्ही इतका वेळ त्याच्याबद्दल बोललात, त्याचं म्हणणं एकदाही आलं नाही.

साशंक : तो म्हणतो, मला काही झालेलं नाही. मी पहिल्यासारखाच आहे, तुम्हीच सगळे बदललात. कपाळामागचा भाग दुखावला की स्वतःतला बदल स्वतःला दिसेनासा होतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. म्हणजे पेशंटला विचारलं तर तो पूर्ण बरा आहे, पट्टीला विचारलं तर अनुकूल आहे, न्यायालयाला विचारलं तर इतके टक्के अपंग आहे आणि बायकोला विचारलं तर नवरा गेला. तुमच्या मते यातलं कोणाचं म्हणणं ऐकायचं?

आशावादी : त्याचंही. त्याला बदल दिसत नाही हे दुखण्याचं लक्षण आहे, हे खरं. पण त्या एका लक्षणापायी त्याचं प्रत्येक वाक्य बाद करायचं ठरवलं, तर त्याचा आवाजच आपण काढून घेतो. “तुम्ही बदललात” हे वाक्य तपासून बघा. घरात त्याच्याशी आता कोणी भांडत नाही, त्याला निर्णय विचारत नाही, पैसे देत नाही, सगळे हळू आवाजात बोलतात. बदल दोन्हीकडे झाला आहे आणि त्यातला निम्मा तो बरोबर सांगतो आहे. उद्या त्याला बाजारातून तीन वस्तू आणायला पाठवा. वहिनीला बरोबर नको, लांबून तुम्ही जा.

साशंक : आणि रस्ता ओलांडताना त्याने बघितलंच नाही तर?

आशावादी : तर तुम्ही धावायचं. तो जोखमीचा हिशेब मला करून देता येणार नाही. कोणत्या दिवशी एकटं सोडायचं हे कुठल्या चाचणीत लिहिलेलं नाही. पण तुम्ही कधीच पाठवणार नसाल, तर तो तीन वस्तू आणू शकत होता की नाही, हे ना त्याला कळेल, ना तुम्हाला.

साशंक : पाठवीन. पण त्याने तीनही वस्तू आणल्या तरी त्या संध्याकाळी वहिनीला “बरा होतोय” असं मी सांगणार नाही. तिने विचारलं तर फक्त काय घडलं ते सांगेन. तुम्ही माझ्या जागी असता तर?

आशावादी : मी सांगितलं असतं.